शिवेवरची मरिया

फार वर्षं झाली. तेव्हा खैरटेक आणि चिंचधरा या दोन गावांमधल्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं. आता हे सांगितलं तर पोरं हसतात, कारण आता तिथं वाळूसुद्धा शिल्लक नाही. पण तेव्हा होतं. अलीकडं खैरटेक, पलीकडं चिंचधरा, आणि ओढा हीच दोघांची शीव. दोन्ही गावं तेच पाणी पीत, त्यातच गुरं धूत, आणि एकमेकांना शिव्याही त्याच काठांवर उभं राहून देत.

खैरटेकाच्या गावकुसाबाहेर दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. तिथं ठमाबाई नावाची एक विधवा बाई राहायची. अंबाडीच्या सालीचे धागे, म्हणजे वाख, काढावा, भिजवावा, झोडपावा आणि वळावा तो ठमाबाईनंच. तिनं वळलेलं दावं बैलानं तोडलं असं कधी झालं नाही. गावातल्या प्रत्येक गोठ्यात तिच्या हातचा दोर होता, पण पाणवठ्यावर तिची सावली पडली तर गाव भरलेली घागर पालथी करायचं. काळच तसा होता, असं म्हणून लोक विषय मिटवतात. काळाला काय बोल लावायचा? घागर माणसंच पालथी करत होती.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. आज तिचं नाव निघालं की लोक म्हणतात, बाई वाघिणीच्या काळजाची होती. साफ खोटं आहे. ठमाबाई भित्री होती. पाल चुकचुकली तरी तिच्या हातातला पीळ सुटायचा. ती पाटलाला भ्यायची, पाटलाच्या कुत्र्याला भ्यायची, विजेला भ्यायची, आणि सगळ्यांत जास्त भ्यायची मरीआईला. कारण तिचा नवरा आणि दोन मुलगे एकाच आठवड्यात पटकीनं गेले होते. उरली होती एक लेक, सुंद्रा. ती ओढ्यापलीकडं चिंचधऱ्यात दिली होती. रोज सकाळी ठमाबाई काठावर जायची, पलीकडं सुंद्राच्या छपरातून धूर निघाला की नाही ते बघायची, आणि मग कामाला बसायची.

एका वर्षी वस्तीत शांतवन मास्तर आले. दूर मिशनचं ठाणं होतं, तिथं शिकलेले. एक पत्र्याची पेटी, एक जाड पुस्तक आणि गाताना हमखास फाटणारा आवाज एवढंच त्यांच्यापाशी होतं. लिंबाखाली बसून ते पोरांना अक्षरं शिकवायचे आणि संध्याकाळी मोठ्यांना पुस्तक वाचून दाखवायचे. ठमाबाई लांब बसून वाख सोलत ऐकायची. एक दिवस मास्तरांनी वाचलं, "भिऊ नको." दुसऱ्या दिवशी निराळंच पान उघडलं, तिथंही तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठमाबाईला राहवेना.

"मास्तर, ह्ये पुस्तक कुनी माझ्यासाठी लिवलंय व्हय?"

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "भिणाऱ्यांसाठीच लिहिलंय, बाई. जो भीत नाही तो पुस्तक उघडतो कशाला?"

पुढच्या हिवाळ्यात वस्तीतल्या सहा घरांनी बाप्तिस्मा घेतला. गोरे पाद्रीसाहेब घोड्यावर बसून आले, आणि त्यांनी ठमाबाईला नवं नाव दिलं: मरिया. तिला वाटलं होतं, डोक्यावर पाणी पडलं की भीती धुऊन जाईल. पाणी पडलं, नाव बदललं, आणि भीती होती तिथंच राहिली. परत येताना पाटलाचं कुत्रं भुंकलं तेव्हा मरियाबाई बाभळीआड लपली. तिला फार लाज वाटली. आपल्या बाप्तिस्म्यात काहीतरी कमी पडलं असावं असं तिच्या मनानं घेतलं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

गावाला हे नाव काही पेलेना. "मरी... काय म्हनायचं हिला?" असं करता करता लोकांनी पुढचं अक्षर सोडूनच दिलं.

मग वैशाख आला, आणि वैशाखाबरोबर पटकी आली. पटकीला तेव्हा सगळे मरीच म्हणत. पहिल्यांदा कुंभाराची सून गेली. मग एका घरातली तिघं. सकाळी मोटेवर गेलेला माणूस दुपारी तिरडीवर असायचा. वांती, जुलाब, पायात गोळे, आणि डोळे असे खोल जायचे की आईला लेकरू ओळखू येत नसे. लोक दारं लावून, तोंडात पदर कोंबून रडायचे. रडणं ऐकलं की मरीला घर कळतं, असं म्हणतात. गावात कोंबडं आरवायचं थांबलं आणि कावळा पिंडाला शिवायचा थांबला, असंही म्हणतात. कावळ्याचं माहीत नाही. पण माणसं एकमेकांच्या दाराशी जायची थांबली, हे खरं आहे. सख्खा भाऊ भावाला लांबून हाक मारायचा आणि उत्तर आलं नाही तर मुकाट्यानं पाय काढायचा.

मिशनच्या डॉक्टरांनी शांतवन मास्तरांना आधीच बजावून ठेवलं होतं: ओढ्याचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका, आणि दुखणेकऱ्याला मीठ घातलेली तांदळाची पेज थोडी थोडी पाजत राहा. मास्तरांनी ते पाटलांच्या पारावर जाऊन सांगितलं. गावानं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. वस्तीवरच्या माणसानं गावाला पाणी शिकवायचं, म्हणजे काय! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. पण वस्तीतल्या त्या सहा घरांनी मात्र पाणी उकळलं. आणि त्या सहा घरांत कुणी दगावलं नाही.

इथंच सगळं फिरलं. गाव रोज मढी मोजत होतं, आणि गावकुसाबाहेर सहा घरं धडधाकट. का बरं? शिवाय ती सहा घरं रोज संध्याकाळी लिंबाखाली बसून गात होती. मास्तरांनी शिकवलेलं गाणं होतं ते:

मरियेच्या बाळा, ये आमच्या घरी,
अंधार झाला रे, ये आमच्या घरी.

वारा गावाच्या अंगानं वाहायचा. गावानं कान देऊन ऐकलं, आणि गावाला ऐकू आलं: मरीच्या बाळा, ये आमच्या घरी.

ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला. यांचा देव मरीचा पोरगा! हे त्याला बोलावतात! आईचं येणंजाणं पोराच्या घरी असणारच, म्हणून तर यांच्यात कुणी मरत नाही! आणि ती दोरवाली, तिनं तर नावच घेतलंय! जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायला लागला.

मंगळवारी सकाळी दौलती पाटील दहा-बारा माणसं घेऊन वस्तीवर आले. मास्तर औषध आणायला मिशनच्या ठाण्यावर गेले होते. मरियाबाई एकटीच दारात वाख झोडपत होती. पाटलांना बघून तिच्या हातातलं लाकूड गळून पडलं.

"ठमे," पाटील लांबूनच म्हणाले, "मरीआईचा गाडा काढायचाय. दोर वळ."

हा गाडा काय ते सांगायला हवं. साथ आली की गावोगाव असा गाडा काढायचे. लहानसा लाकडी गाडा, त्यावर मरीआईचा तांदळा म्हणजे शेंदूर फासलेला गोल दगड, हिरवी चोळी, लिंबाचा पाला. त्याला उलट्या पिळाचा नवा दोर लावायचा, म्हणजे डावीकडून वळलेला. ज्या हातांनी दोर वळला त्याच हातांनी गाडा ओढायचा, शिवेपार न्यायचा, आणि एका घावात दोर तोडून मागं न बघता परत यायचं. मग मरी पुढच्या गावाची. पुढच्या गावानं तिचं काय ते बघावं. आणि खैरटेकाच्या पुढचं गाव म्हणजे चिंचधरा. तिथं सुंद्रा होती, आणि तिच्या अंगावर पितं पोर होतं.

"पाटील, मायबाप," मरियाबाई म्हणाली, "म्या आता त्यातली न्हाई जी. आनि पलीकडं माझी लेक हाय."

"म्हनूनच तुला सांगतोय. तुमच्या देवाची आई हाय न्हवं ती? तुझं ऐकंल. तू ओढ, न्हाईतर ही वस्ती दुपारपातुर जाग्यावर ऱ्हानार न्हाई."

मागं एकाच्या हातात पेटता पलिता होता. भर सकाळी पलिता कशाला आणतात, हे तिला कळलं.

तिनं दोर वळला. होय, वळला. लोक सांगताना हा भाग गाळतात, पण गाळून कसं चालेल? मनात "भिऊ नको, भिऊ नको" म्हणत तिनं उलटा पीळ घातला. प्रत्येक पिळाला वाटत होतं, देवाचा हात सुटतोय. आणि दुसरा विचार येत होता तो याहून वाईट: हा दोर सुंद्राच्या गळ्याला लागणार.

माध्यान्हीला गाडा निघाला. पुढं मरियाबाई, खांद्यावर दोर, मागं सगळं खैरटेक. हलगी वाजत होती. ऊन असं की सावली पायाखाली गोळा झालेली. लिंबाचा पाला, हळद आणि आजाऱ्यांच्या घरांमधून येणारा तो वास, सगळं एकत्र होऊन तिच्या नाकात बसलं. ओढा जवळ आला तशी तिची पावलं लहान झाली. पाठीमागून कुणीतरी काठीनं ढोसलं.

पलीकडच्या काठावर चिंचधरा उभं होतं. गडीमाणसांच्या हातांत गोफणी, बायकांच्या ओट्यांत दगड. गाडा शिवेपार आला तर ओढणारी जिवंत परत जाणार नाही, असा त्यांचा निश्चय होता, आणि तो चेहऱ्यांवर दिसत होता. त्या बायकांत सुंद्रा होती. कडेवर पोर. तिच्याही ओट्यात दगड होते. आईला ओळखलं तेव्हा ती दगड टाकायचंही विसरली.

मरियाबाई ओढ्याच्या ऐन मध्यावर, घोटाभर पाण्यात थांबली.

"म्होरं न्हे! तोड दोर!" मागून पाटील ओरडले.

दोर तोडायला दिलेला विळा तिच्या हातात होता. हात उचलवेना. आधी गुडघे लटपटले, मग हात, मग दातावर दात वाजायला लागले. अंबाडा सुटला, केस तोंडावर आले, आणि सगळं अंग पानासारखं कापायला लागलं. ती नुसती भ्याली होती. जन्मभर जेवढी भ्याली होती तेवढं सगळं भय त्या एका क्षणात अंगावर आलं होतं. पण दोन्ही काठांवरच्या माणसांनी असं कापणं एकाच कारणानं होताना बघितलेलं होतं.

"आलं! अंगात आलं!" कुणीतरी किंचाळलं. हलगी थांबली.

अंगात आलं की विचारायची रीत असते. दौलती पाटील हात जोडून दोन पावलं पुढं आले, आणि त्यांनी विचारलं, "कोन हाईस तू? नाव सांग!"

भेदरलेल्या माणसाला नाव विचारलं तर तो नाव सांगतो. तिनं सांगितलं. "मरिया..." आणि पुढं श्वास लागला, म्हणून "आ" लांबत गेला.

मरीआऽऽ. दोन्ही काठांवरची माणसं धाडकन पालथी पडली. गोफणी चिखलात पडल्या. पाटलांचं पागोटं पाण्यात पडलं आणि वाहत गेलं, ते तीन कोसांवर सापडलं असं म्हणतात.

"आई, काय पायजे? बकरं देऊ? रेडा देऊ?"

मरियाबाईला कळलं, यांनी काय ऐकलं ते. दुसरं कुणी असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, की अरे, मी ती नव्हे. तिच्या जिभेवर आलंही होतं. खोटं बोलू नये हे ती पुस्तकातून शिकली होती. पण खरं सांगितलं तर गाडा पुढं जाणार होता. तिनं पलीकडं सुंद्राकडं बघितलं, आणि लोकांनी जे ऐकलं होतं ते तसंच राहू देऊन ती बोलली.

"बकरं नगं. रेडा नगं. मला कुठं न्हेऊ नगा. ना हिकडं, ना तिकडं. म्या हितंच बसते." दात वाजत होते, म्हणून आवाज निराळाच निघत होता. "हंडं आना. लाकडं आना. तांदूळ-मीठ आना. ह्या वढ्याचं पानी उकळल्याबिगर जो पील, त्यानं माझ्याशी गाठ हाय समजावं. आनि ज्याला दुखनं लागलंय त्याला हितं माझ्याम्होरं आनून ठिवा."

मरीचा हुकूम! कोण मोडणार? तासाभरात दोन्ही काठांवर चुली पेटल्या आणि ओढ्यामधल्या वाळूच्या उंचवट्यावर लिंबाच्या पाल्याचा मांडव उभा राहिला. पाटलांच्या वाड्यातला तांब्याचा हंडा आला, चिंचधऱ्याची कढई आली. आणि जिच्या सावलीनं घागर पालथी व्हायची तिच्या हातचं पाणी त्या दुपारी दोन गावं प्याली. देवीच्या हातचं म्हणून प्याली, पण प्याली.

आजाऱ्यांना आणून टाकायचे आणि पळायचे. कुणी थांबत नसे. मरियाबाई त्या मांडवात एकटी, आणि भोवती कण्हणारी माणसं. पहिल्या माणसाला पेज पाजताना तिला इतकी भीती वाटली की वाटी त्याच्या तोंडाऐवजी नाकाशी नेली. याच दुखण्यानं तिच्या मांडीवर मुलगा गेला होता, तोच वास, तेच खोल डोळे. तरी तिनं पाजली. दुसऱ्याला पाजली. पाटलीणबाईंना बैलगाडीतून आणून टाकलं होतं, त्यांचं धुणं-पुसणं केलं. त्या दिवसांत हंड्यातली पेज कधी संपली नाही असं म्हणतात. पाच बैलजोड्या लावल्या तरी गाडा शिवेवरून हलला नाही असं म्हणतात. गिधाडं मांडवावर फिरायची पण खाली उतरायची नाहीत असं म्हणतात. मेले ते मेलेच, पण रोज कमी कमी मेले, हे दोन्ही गावांना दिसत होतं.

चौथ्या दिवशी शांतवन मास्तर औषध घेऊन आले. मरियाबाईनं त्यांना सगळं सांगितलं, आणि विचारलं, "मास्तर, म्या खोटं बोलले का?"

"तू नाव काय सांगितलंस?"

"मरिया."

"मग?"

"त्यांनी दुसरंच ऐकलं. म्या गप ऱ्हायले. देव मला टाकून दील का वो?"

पुस्तक उघडायला मास्तरांचा हात गेला, तो त्यांनी मागं घेतला. मग त्यांनी धोतर खोचलं, घागर उचलली आणि पाण्याला गेले. संध्याकाळपर्यंत ते पाणी भरत होते.

एकोणिसाव्या दिवशी मांडवात तीनच आजारी उरले होते, आणि त्याच दिवशी सकाळी मरियाबाईच्या पायात गोळे आले. वांती झाली. मास्तर आणखी औषधाला गेले होते. काठांवर बातमी पसरली आणि दोन्ही गावं जमली, पण जवळ कुणी येईना. मरीच आजारी पडली म्हणजे काय? त्याचा अर्थ कुणाला लागेना, आणि ज्याचा अर्थ लागत नाही त्याचं भय जास्त.

मरियाबाईला वाटलं, आपण आता जाणार. आणि ते खोटं तसंच उराशी घेऊन जाणार. मरणापेक्षा तिला त्याची धास्ती वाटली. ती हातांवर उठून बसली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाली, "ऐका! म्या मरी न्हाई! माझं नाव मरिया हाय. अंगात काय आलं नव्हतं. म्या भ्याले हुते. दोर वळनारी ठमी हाय म्या, दुसरी कुनी न्हाई!"

दोन्ही काठांवर कुजबूज सुरू झाली. म्हणजे आपण पाणी कुणाच्या हातचं प्यालो? एकोणीस दिवस! एकानं दगड उचलला. त्याचं बघून दुसऱ्यानं उचलला. पाटील मान खाली घालून उभे होते. कोण पहिला मारतो एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात पलीकडून सुंद्रा पाण्यात उतरली. पोर सासूच्या हातात दिलं होतं. हातात पेजेची वाटी. सासरची माणसं मागून ओरडत होती, दगड दोन्हीकडून रोखलेले होते, आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देत चालत होती. मांडवाच्या तोंडाशी येऊन तिचे पाय थांबले.

"आई, मला लई भ्या वाटतंय गं."

मरियाबाईनं डोळे उघडले. "वाटू दे," ती म्हणाली. "मला बी वाटतंय. भीत भीत ये, पर ये."

सुंद्रा आत गेली. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी तोंडाला लावली. मग अलीकडच्या गर्दीतून पाटलीणबाई निघाल्या. अजून नीट चालता येत नव्हतं. पाटलांनी हात धरला, तो त्यांनी सोडवला. भर गावासमोर त्या पाण्यात उतरल्या, मांडवाशी आल्या आणि म्हणाल्या, "ठमाबाई, भीत भीत आले."

"आलीस न्हवं," मरियाबाई म्हणाली. पाटलीणबाईंना तिनं जन्मात पहिल्यांदा अगंतुगं केलं, आणि तिला ते कळलंही नाही. "मग बस."

दगड ओढ्यात पडले त्याचा आवाज बराच वेळ येत होता, असं म्हणतात.

ती त्याच दुपारी गेली, असं चिंचधऱ्याचे लोक सांगतात. खैरटेकाचे सांगतात, ती आणखी बारा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत तशीच भित्री राहिली. वस्तीत पुढं दगडी प्रार्थनामंदिर झालं. काही घरं त्या वाटेनं गेली, काही गेली नाहीत, आणि ज्यांच्या देव्हाऱ्यात मरीआई होती त्यांच्या देव्हाऱ्यात ती अजून आहे. गाडा मात्र त्यानंतर कुणी काढला नाही. तो शिवेवर उन्हापावसात कुजून मातीला मिळाला.

पण एक गोष्ट दोन्ही गावांत आजही चालते. खैरटेकात कुणी अंथरुणाला खिळलं, तर पेजेची पहिली वाटी चिंचधऱ्यातून येते. चिंचधऱ्यात कुणी पडलं, तर खैरटेकातून जाते. नेणारा कुठल्याही जातीचा असो, कुठल्याही देवाचा असो. अलीकडच्या मोठ्या साथीत शिवेवर बांबू बांधले होते, पोलीस बसले होते, माणसं तोंड बांधून हिंडत होती. तेव्हाही वाट्या बांबूखालून सरकल्या आणि पाठोपाठ माणसं सरकली. दाराशी आलं की सरळ आत शिरायचं नाही. आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून खरं काय ते सांगायचं, गडी असला तरी शब्द बाईचेच: "मरियाबाईच्या नावानं, भीत भीत आले."

आणि आतून, आवाज निघत असेल तर, उत्तर येतं, "आलीस न्हवं? मग बस."